टेम्पोत जनावर चढविण्यापूर्वी

गळीत संपले की बाजारातून बैल, गाय आणायची घाई सुरू होते. "आपलंच जनावर, कागद कशाला?" असे आम्हाला गटोगटी ऐकावे लागते. कायदा तसे म्हणत नाही. 1978 च्या जनावर-वाहतूक नियमांनुसार जनावर प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला सोबत हवा. ट्रकात सहापेक्षा जास्त गुरे नकोत, सोबतीला एक माणूस हवा, आणि त्याच खेपेत खताची पोती टाकायची नाहीत. 2016 पासून जागाही ठरली आहे: गाय-म्हशीला 2 चौरस मीटर, डुकराला 0.6, शेळीला 0.3. लहान टेम्पोत मग किती मावतात, ज्याचे त्याने मोजावे! तळ घसरडा नको. गाडी बांधाला लावली की जनावर उडी न मारता चढते.

कानातला बारा अंकी बिल्ला पाहूनच सौदा करा. जून 2024 पासून महाराष्ट्रात त्याशिवाय ने-आण बंद आहे. 2022 साली लम्पीमुळे बाजार बंद ठेवावे लागले, हे आपण विसरलो नाही. खरेदीची पावती खिशात असू द्या. नाक्यावर तोंडी खुलासा चालत नाही, आणि तोवर जनावर गाडीतच ताटकळते. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे जुन्या दावणीपासून लांब बांधा, पाण्याची बादलीही वेगळी ठेवा.