जूवर भार किती?

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात. या खांद्यांवर नेमका किती भार पडत असेल? गाडीत एक टन माल असला तरी सगळा भार बैलांवर नसतो. बहुतेक भार चाकांवाटे जमिनीवर जातो. मग जूवर किती उरतो? हे काढण्यासाठी एका बिंदूभोवतीचे निव्वळ परिबल मोजता आले की पुरे.

बल वस्तूला ढकलते, तसे फिरवतेही. फिरवण्याच्या या परिणामाला बलाचे परिबल म्हणतात (काही पुस्तकांत यालाच आघूर्ण म्हटले आहे). ठरावीक बिंदूपासून बलाच्या रेषेवर टाकलेल्या लंबाची लांबी आणि बल यांचा गुणाकार म्हणजे परिबल. गाडीला पुढे झुकवणारे परिबल धन, मागे झुकवणारे ऋण मानू. चिन्हांसह बेरीज केली की निव्वळ परिबल मिळते. गाडी कोणत्याच बाजूला कलंडत नसेल, तर ही बेरीज शून्य असली पाहिजे.

बिंदू कोणता घ्यायचा? कोणताही चालेल, पण आस घेतला तर काम सोपे होते. चाकांचे वजन आणि जमिनीने चाकांना दिलेला आधार, दोन्ही आसातून जातात. त्यांचे लंब अंतर शून्य, म्हणून परिबलही शून्य. जी बले ठाऊक नाहीत, ती अशी आपोआप गळून पडतात.

आता सपाट रस्त्यावरची गाडी घेऊ. हिशेबाच्या सोयीसाठी एक किलोग्रॅमचे वजन १० न्यूटन धरू.

साटा व दांड्या: २,००० न्यूटन, आसाच्या पुढे ०.३० मीटर, परिबल +६०० न्यूटन-मीटर.
माल: १०,००० न्यूटन, पुढे ०.१२ मीटर, परिबल +१,२००.
गाडीवान: ६०० न्यूटन, पुढे १ मीटर, परिबल +६००.

बेरीज +२,४००. जू आसापासून ३ मीटर पुढे आहे. तेव्हा बैलांनी वर उचलून धरलेले बल २,४०० ÷ ३ = ८०० न्यूटन, म्हणजे प्रत्येक बैलाच्या मानेवर सुमारे ४० किलो.

हाच माल ३० सेंटिमीटर मागे सरकवून भरला तर? त्याचा गुरुत्वमध्य आसाच्या ०.१८ मीटर मागे जातो आणि परिबल -१,८०० होते. बेरीज ६०० - १,८०० + ६०० = -६००. गाडी उलाळ झाली! आता जू मानेवर टेकत नाही, २०० न्यूटनने वर उचलले जाते आणि गळ्याखालून बांधलेले जोते बैलाचा गळा आवळते.

खरी गंमत चढावर आहे. पहिल्यासारखीच भरलेली गाडी, दहा मीटरला एक मीटर असा चढ. मालाचा गुरुत्वमध्य आसाच्या ०.८ मीटर वर आहे असे समजा. एका शिक्षक-शिबिरात हे उदाहरण दिले, तेव्हा अनेकांनी आसापासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे सरळ अंतर काढले, ०.८१ मीटर, आणि त्याने १०,००० ला गुणले. चूक इथेच होते. ते अंतर सपाटीवर, चढावर, उतारावर सारखेच राहते. पण वजनाची रेषा नेहमी उभी असते आणि तिच्यापर्यंतचे लंब अंतर बदलते. चढावर गाडी मागे कलल्याने उंचावरचा माल सुमारे ८ सेंटिमीटर मागे जातो, म्हणून लंब अंतर १२ चे ४ सेंटिमीटर होते. उतारावर तेच २० सेंटिमीटर होते.

साटा आणि गाडीवान यांच्या अंतरांतला फरक लहान असल्याने सोडून देऊ. जू आसाच्याच पातळीत आहे असे धरले, तर बैलांची ओढही आसातून जाते आणि तिचे परिबल शून्य. मग चढावर बेरीज ६०० + ४०० + ६०० = १,६००, जूवर सुमारे ५३३ न्यूटन. उतारावर ६०० + २,००० + ६०० = ३,२००, जूवर सुमारे १,०६७ न्यूटन. मालात एका किलोचाही बदल नाही, तरी प्रत्येक मानेवरचा भार २७ किलोपासून ५३ किलोपर्यंत जातो.

माल जितका उंच रचावा, तितका हा फरक वाढतो. म्हणून जड पोती तळाशी, आसाच्या किंचित पुढे रचणे हा शहाणपणा आहे. खांदेसुजीची कारणे अनेक असतात, पण हे एक तरी आपल्या हातात आहे.

वर्गात सोडवायला एक प्रश्न: उतारावर गाडीवान खाली उतरून चालू लागला, तर प्रत्येक बैलाचा किती भार कमी होईल? आणि चढावर त्याने बसून राहावे की उतरावे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना केवळ जूवरचा भार पाहू नका. गाडी ओढायलाही बैलच आहेत.