डबा चालतो वजनावर

सकाळी ८

बसस्टँडजवळचं पंक्चरचं दुकान नुकतंच उघडलंय. सायकलची फुटकी ट्यूब मागितली की दुकानदार कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट दाखवतो. हवी तेवढी न्या, पैसे नकोत. दोन ट्यूब घेतो. शेजारच्या ट्रॅक्टरच्या गॅरेजातून झिजलेले नटही मिळतात.

परवा आमच्या औसा तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे. माझ्या शाळेतल्या आठवीच्या चौघांनी आपणहून चालणारा डबा करायचं ठरवलंय. सेल नाही, मोटार नाही. पत्र्याचा गोल डबा, आत आडवं ताणलेलं रबर आणि रबराच्या मधोमध लोंबणारं वजन, एवढंच. डबा जमिनीवर मागे लोटत नेला की आतलं वजन लोंबतच राहतं आणि रबराला पीळ बसतो. सोडला की पीळ उलगडतो आणि डबा चालू लागतो. आमच्या लहानपणी शिंप्याकडचं लाकडी रीळ, मेणबत्तीची चकती, रबर आणि काडी एवढ्यात असाच रणगाडा व्हायचा. आता लाकडी रिळंच दिसत नाहीत.

सायकलच्या दुकानातल्या वस्तूंनी भारतातलं विज्ञान शिक्षण किती पुढे नेलं, हे मुलांना सांगायला हवं. १९७८ साली अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोतून वर्षभराची रजा घेऊन होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घनाकृती करून दाखवल्या. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली आणि ती कशी करायची हे सगळ्यांसाठी फुकट खुलं ठेवलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. खेड्यातल्या शिक्षकाला त्यांच्याइतका उपयोगी पडलेला माणूस मला दुसरा ठाऊक नाही.

सकाळी १०.३०

परिपाठ झाला. पहिला तास नववीवर, ‘कार्य आणि ऊर्जा’ची उजळणी. स्थितिज ऊर्जेची व्याख्या सगळ्यांना पाठ आहे. मी ट्यूबची पट्टी दोघांच्या हातात देऊन पिळायला लावतो. पंधरा-वीस पीळ बसले की बोटं दुखायला लागतात. ती दुखणारी ऊर्जा, तीच पुस्तकातली.

मागच्या बाकावरून प्रश्न येतो, “सर, दगडात पण अशी साठती का?” साठते. जमिनीखालच्या खडकांवर वर्षानुवर्षं ताण येत राहतो, खडक किंचित वाकतात, आणि ताण सोसवेनासा झाला की तुटून सरकतात. किल्लारी आमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथे हेच झालं आणि भूकंप आला. या मुलांचा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेला, पण प्रत्येकाच्या घरात त्या पहाटेबद्दल सांगणारं कोणीतरी आहेच. तास संपेपर्यंत वर्गात चुळबुळ नव्हती.

दुपारी १.३०

मधली सुट्टी. खिचडीची ताटं धुऊन चौघं प्रयोगशाळेत हजर. डब्याच्या बुडाला आणि झाकणाला खिळ्याने दोन-दोन भोकं पाडून झाली आहेत. रबर आरपार ओवून बाहेरच्या बाजूला काडीचे तुकडे अडकवले, मध्ये बाइंडिंग तारेने नट बांधला.

दुपारी २.३०

माझा ऑफ तास. व्हरांड्यात शहाबादी फरशीवर डबा मागे लोटत नेला, सोडला. तो जागच्या जागी थरथरला आणि थांबला.

“सर, हे चालंना.”

“काय करायचं मग?”

“रबर जाड लावू का?”

“लावून बघ.”

जाड पट्टी लावली. आता तर डबा मागे लोटतानाच आतून टक्क आवाज येतो आणि हाताला झटका बसतो. पुन्हा लोटला, पुन्हा टक्क. मोठी माणसंही इथे रबरालाच दोष देतात. मी गप्प राहिलो. चौघांतली एक मुलगी फरशीवर आडवी झाली, डब्याला कान लावला आणि दुसऱ्याला म्हणाली, हळूहळू लोट. डबा फिरत गेला, टक्क झालं, ती उठून बसली.

“सर, वजनच उलटतंय. रबर त्याला गरगर फिरवतंय.”

सगळा प्रकल्प या वाक्यात आहे. पिळलेलं रबर एका बाजूने वजनाला फिरवू पाहतं, दुसऱ्या बाजूने डब्याला. वजन जड असेल तर ते थोडं एका अंगाला उचललं जातं आणि तिथेच अडून राहतं. त्यामुळे डब्याचा गुरुत्वमध्य फरशीला टेकलेल्या जागेच्या पुढे जातो आणि डबा त्या दिशेने गडगडत निघतो. वजन हलकं असेल तर रबर त्यालाच उलटवतं आणि पीळ आतल्या आत वाया जातो. थोडक्यात, रबरात किती जोराचा पीळ टिकणार हे वजन ठरवतं. जाड रबराने फक्त तो क्षण लवकर येतो.

मग ट्रॅक्टरचे नट निघाले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ते १५० ग्रॅम भरले. रबरापासून ३ सेंटिमीटर खाली बांधले. रबर पुन्हा पातळ घेतलं, कारण पातळ रबराला त्याच जोरात जास्त पीळ बसतात. डब्याचा व्यास १० सेंटिमीटर, म्हणजे एका पिळाला ३१ सेंटिमीटरची चाल. डबा मागे नेला, सोडला, आणि तो व्हरांडाभर गेला. शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला चिकटली.

दुपारी ३.३०

आता चढ. औशाचा किल्ला भुईकोट, तोही सखल जागी बांधलेला. गावात चढ शोधत फिरण्यापेक्षा एक मीटरची फळी बरी. मुलांना आधी हिशोब करायला सांगितला. वजन १५० ग्रॅम, मध्यापासून ३ सेंटिमीटर, गुणाकार ४५०. अख्खा डबा ४०० ग्रॅम, त्रिज्या ५ सेंटिमीटर, गुणाकार २०००. भागाकार ०.२२५. म्हणजे एक मीटर फळीचं टोक साडेबावीस सेंटिमीटरच्या वर उचललं, तर डबा चढणार नाही. रबर कसलंही लावा, या हिशोबात रबर येतच नाही.

वह्या रचून फळी उचलत गेलो. अठरावर सहज चढला, विसावर कण्हत चढला, बाविसावर अर्ध्यात टक्क, आणि परत खाली. घर्षणात थोडं जातंच. हिशोब करणारा मुलगा वहीतल्या आकड्याकडे आणि फळीकडे आळीपाळीने बघत होता. कागदावरचा आकडा लाकडावर खरा ठरलेला त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा.

दुपारी ४.३०

एक तक्रार उरली होती. डबा सरळ जात नव्हता, डावीकडे वळायचा. झाकणाच्या बाजूची कड बुडापेक्षा २ मिलिमीटरने मोठी निघाली. १५ सेंटिमीटर लांब डब्याला एवढ्या फरकाने साडेसात मीटर त्रिज्येचं वर्तुळ मिळतं. बुडाकडच्या कडेवर ट्यूबची जाड पट्टी आणि झाकणाकडे पातळ पट्टी गुंडाळून दोन्ही बाजू सारख्या केल्या. सरळ गेला, फरशीवर घसरायचाही थांबला.

रात्री ८

मुलांनी लिहिलेला अहवाल तपासतोय. जाड रबराने काय झालं, तेही लिहायला लावलंय.

तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून राज्य अशी ही प्रदर्शनं चढत जातात. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत तर निवड झालेल्या कल्पनेला १०,००० रुपये मिळतात. या डब्याला खर्च जवळजवळ शून्य आला. पण प्रदर्शनाच्या हंगामात मोटार बसवलेली तयार मॉडेलं विकत मिळतात, पालक हौसेने आणतात, आणि मूल शेजारी उभं राहून पाठ केलेलं तत्त्व म्हणून दाखवतं. यात मुलाचं नुकसान होतं, असं मी स्पष्टच म्हणतो.

म्हणून परीक्षक म्हणून येणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. मुलाला तत्त्व विचारू नका. मॉडेलमधला एक भाग बदलायला सांगा, काय होईल ते आधी विचारा, आणि मग तुमच्यासमोर चालवून दाखवायला लावा. आमच्या टेबलावर जादा नट आणि जाड रबर ठेवलेलं असेल.