स्विचमधील पाकिटांचे अग्रेषण व रहदारीचे नियमन

वर्सोवा व मढ यांच्यामधील खाडी तरीने काही मिनिटांत ओलांडता येते. रस्त्याने जावयाचे झाल्यास मालाडवरून मोठा वळसा पडतो. एकाच ठिकाणी पोचण्यास दोन वाटा असणे प्रवाशास सोयीचे होय. संगणकांच्या जाळ्यात मात्र हीच सोय घातक ठरू शकते. तिचे कारण समजण्यासाठी स्विच नामक यंत्राचा व्यवहार पाहिला पाहिजे.

स्विचकडे येणाऱ्या मजकुराच्या एककास शास्त्रकार फ्रेम म्हणतात. येथे मराठीत रुळलेला पाकीट हा शब्द योजिला आहे. कारण पाकिटाप्रमाणेच यातही पत्ता बाहेर व मजकूर आत असतो. स्विच मजकुराचा अर्थ जाणत नाही. प्रेषकाचा ४८ बिटांचा पत्ता कोणत्या द्वारातून आला, याची तो कोष्टकात नोंद करतो, व पुढे त्या पत्त्यावरील पाकिटे त्याच द्वाराने पाठवितो. पत्ता अपरिचित असल्यास ज्या द्वारातून पाकीट आले ते वगळून अन्य सर्व द्वारांनी त्याच्या प्रती धाडतो.

दोन वाटांचा धोका येथेच उद्भवतो. अशी प्रत एका वाटेने जाऊन दुसरीने परतते व पुनः पसरते. या पाकिटावर फेऱ्यांची मर्यादा लिहिलेली नसल्यामुळे हे चक्र थांबत नाही आणि जाळे ठप्प होते. रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये यावर उपाय योजिला : स्विचांनी परस्परांत संदेश पाठवून काही दुवे मिटून ठेवावेत, म्हणजे जाळ्यास वृक्षाचे रूप येते, चालू दुवा तुटताच मिटलेला उघडावा.

दुसरा प्रश्न गर्दीचा. दोन द्वारांतून प्रत्येकी सेकंदास १ गिगाबिट मजकूर येत असून बाहेर जाण्यास तेवढ्याच क्षमतेचे एकच द्वार असेल, तर १२.५ मेगाबाइटची स्मृती एक-दशांश सेकंदात भरते. नंतरची पाकिटे टाकून द्यावी लागतात. प्रेषकास क्षणभर थांबविण्याची योजना १९९७ च्या प्रमाणकात आली. परंतु तीमुळे त्या दुव्यावरील तातडीची पाकिटेही अडतात. म्हणून पाकिटावर ३ बिटांत आठ श्रेणी नोंदविण्याची सोय झाली. वरच्या श्रेणीस सदैव प्रथम सोडल्यास खालची रांग कदाचित कधीच हलणार नाही. यास्तव प्रत्येक रांगेस ठरावीक वाटा देणारी पाळी अधिक न्याय्य ठरते.

अर्थात श्रेणी ठरविणे हे यंत्राचे काम नव्हे. तो मनुष्याचा निर्णय आहे. ध्वनिसंभाषणास विलंब सोसत नाही, ग्रंथालयातून उतरविला जाणारा ग्रंथ थोडा थांबू शकतो. असा भेद गरजेवर आधारलेला असतो. तोच भेद दाम मोजणाऱ्याच्या बाजूने होऊ लागला, तर त्याचे स्वरूप पालटते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार भेद करणाऱ्या दरांस मनाई केली, व २०१८ मध्ये शासनाने मजकूर अडविणे वा मुद्दाम मंदावणे यांविरुद्धचे तत्त्व स्वीकारले. वाजवी नियमनास मात्र वाव ठेवला. वाजवी म्हणजे काय, याचे उत्तर स्विचच्या कोष्टकात सापडणार नाही. रांगेत कोणी किती थांबावे, हे ज्यांना थांबावे लागते त्यांनाही विचारले गेले पाहिजे.