आसाकुसा: दोनदा जळले, एकदा ओस पडले

इ.स. 628 मध्ये सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात एक लहानशी मूर्ती आली, अशी सेन्सोजी मंदिराची आख्यायिका आहे. मूर्ती कान्नोन या बोधिसत्त्वाची; अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात जो पद्मपाणीच्या रूपात दिसतो, तोच हा अवलोकितेश्वर. आज टोकियोत असलेली आसाकुसा ही वस्ती या मंदिराभोवती वाढली.

देवदर्शनाबरोबर करमणूकही आली, ती बरीचशी सरकारच्या नाराजीमुळे. 1657 च्या भीषण आगीनंतर योशिवारा ही परवानाधारक वेश्यावस्ती शहराबाहेर, आसाकुसाच्या पाठीमागे हलवली गेली. 1841-42 मध्ये शोगुनशाहीने काबुकीची नाटकघरेही शहराच्या मध्यातून उचलून इथे आणली. राज्यकर्त्यांना नकोसे झालेले सगळे आसाकुसाच्या पथ्यावर पडले.

मेइजी काळात इथला ‘रोक्कू’ भाग राजधानीचे करमणूक केंद्र बनला. 1890 मध्ये र्योउंकाकू हा बारा मजली मनोरा उभा राहिला. जपानमधली पहिली विजेवर चालणारी लिफ्ट त्यात होती. धोकादायक ठरवून ती काही महिन्यांतच बंद केली गेली. 1903 मध्ये देशातले पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह ‘देन्कीकान’ इथेच सुरू झाले.

1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपात मनोरा आठव्या मजल्यापासून तुटला. आजूबाजूची वस्ती आगीत भस्मसात झाली. मुख्य मंदिर मात्र वाचले. आसाकुसा खचले नाही. चारच वर्षांत, 30 डिसेंबर 1927 रोजी आसाकुसा ते उएनो ही आशियातली पहिली भुयारी रेल्वे धावली. पुढे कासिनो फोलीसारख्या नाट्यमंडळींच्या नाचगाण्यांना गर्दी होऊ लागली आणि लेखक यासुनारी कावाबाता यांनी इथल्या रस्त्यांवरच्या तरुण पोरांवर कादंबरी लिहिली.

9-10 मार्च 1945 च्या रात्री अमेरिकी बी-29 विमानांनी आग्नेय बॉम्बचा वर्षाव केला. टोकियोत सुमारे एक लाख माणसे दगावली. सुमिदावरच्या कोतोतोई पुलावर दोन्ही तीरांवरून पळालेले लोक समोरासमोर अडकले. भूकंपातून वाचलेले 1649 चे मंदिर त्या रात्री जळाले. आवारातल्या काही जिंको वृक्षांच्या खोडांवर भाजल्याच्या खुणा अजून दिसतात.

लोकांनी पुन्हा सगळे उभारले. मंदिरासाठी पैसा हवा म्हणून रोक्कूतले प्रसिद्ध तळे विकून बुजवण्यात आले, आणि 1958 मध्ये काँक्रीटचे नवे मंदिर पूर्ण झाले. 1865 मध्ये जळालेले कामिनारिमोन हे प्रवेशद्वार 1960 मध्ये मात्सुशिता कोनोसुके या उद्योगपतींच्या देणगीतून पुन्हा बांधले गेले. तिथला लाल कंदील 3.9 मीटर उंच आणि सुमारे 700 किलो वजनाचा आहे. मे महिन्यातल्या सांजा जत्रेत पालख्यांना वाट मिळावी म्हणून तो खालून वर दुमडून ठेवतात.

मग आला तो घाव आगीचा नव्हता. 1958 मध्ये वेश्याव्यवसायबंदी पूर्णपणे अमलात आली, घराघरांत टीव्ही पोहोचला आणि तरुणांची पावले शिंजुकू-शिबुयाकडे वळली. 1961 नंतर सुमिदाकाठची आतषबाजीही थांबली. पुढे विनोदवीर आणि चित्रपट दिग्दर्शक म्हणून गाजलेले ताकेशी कितानो 1972 मध्ये फ्रान्सझा नाट्यगृहात लिफ्ट चालवत विनोद शिकू लागले, तेव्हा रोक्कूला उतरती कळा लागली होती.

सावरण्याची सुरुवात पुन्हा उत्सवांनी झाली. 1978 मध्ये आतषबाजी परतली, 1981 मध्ये सांबा कार्निव्हल सुरू झाला. 2012 मध्ये नदीपलीकडे 634 मीटर उंचीचा स्कायट्री हा मनोरा खुला झाला आणि पर्यटकांचे लोंढे आले. त्याच वर्षी रोक्कूतली उरलीसुरली चित्रपटगृहे बंद पडली.

2017 मध्ये नाकामिसे या दुकानगल्लीच्या इमारती महानगर प्रशासनाकडून मंदिराने घेतल्या आणि भाडेवाढीचा वाद पेटला. आसाकुसाला दर वेळी सावरले ते इथल्या दुकानदारांनी, कलावंतांनी आणि पालख्या खांद्यावर घेणाऱ्या रहिवाशांनी. वाढत्या भाड्यापायी तीच माणसे इथून उठली, तर पर्यटकांची कितीही गर्दी त्यांची जागा भरून काढू शकणार नाही.