अक्षरपटाचे जंपर

दोन ओळींत प्रत्येकी १६ अक्षरे दाखविणारा एलसीडी पडदा उजळला नाही, म्हणजे तो ‘बिघडला’ असे समजून कपाटात टाकू नये. दोष पुष्कळदा जंपरमध्ये असतो. जंपर म्हणजे दोन धातुबिंदू जोडणारा लहानसा दुवा.

पडद्याच्या पाठीवरील जोडपट्टीच्या कडेचा जंपर निघाल्यास मागील दिवा विझतो. अक्षरे उमटूनही दिसत नाहीत. पट्टीवरील ए०, ए१ व ए२ ही स्थाने तिचा पत्ता ठरवितात. पीसीएफ८५७४ चिप असल्यास तिन्ही मोकळी असता पत्ता ३९ असतो. डाख देऊन जोडल्यास त्यातून अनुक्रमे १, २ व ४ वजा होतात. ए० व ए२ जोडल्यास ३४. चिपच्या नावात पुढे ‘ए’ असल्यास आरंभ ६३ पासून करावा. आज्ञावलीतही तोच पत्ता लिहावा.

समजा, वाशिम जिल्ह्याच्या सहा तालुक्यांचे पर्जन्यमान सहा पडद्यांवर दाखवावयाचे आहे. पत्ता एकच राहिल्यास वाशिमचा आकडा कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर व मानोरा येथेही उमटेल. पत्ते आठ मिळतात; सहांस ते पुरेसे आहेत.

वीजपुरवठा बंद करूनच जंपर हलवावा. वजाबाकी मात्र विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावी. द्विमान पद्धतीचा पाठ त्यातच आहे.