संक्रमणाचा जमाखर्च आणि बेघर मुले

रुमानियात चाउसेस्कू राजवटीने १९६६ मध्ये हुकूम काढून गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. माणसे वाढली की उत्पादन वाढेल, हा त्यामागील हिशेब. पोसण्याची ऐपत नसलेल्या आईबापांची मुले सरकारी अनाथालयांत जाऊ लागली. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली, तेव्हा तेथे लाखाच्या आसपास मुले होती आणि त्यांतील बहुतेकांचे पालक हयात होते.

पुढे बाजारपेठ खुली झाली, कारखाने बंद पडले. १९९७ मध्ये महागाईवाढीचा दर दीडशे टक्क्यांवर गेला. मोडलेल्या घरांतून व अनाथालयांतून पळालेली मुले बुखारेस्टच्या रेल्वे स्थानकात आणि गरम पाण्याच्या नळांच्या भुयारांत राहू लागली. पहिल्या व्यवस्थेने मुलाला भावी मजूर म्हणून मोजले. दुसरीने मोजलेच नाही.

२००४ च्या कायद्याने दोन वर्षांखालील मुलांना, गंभीर अपंगत्वाचा अपवाद वगळता, संस्थेत ठेवण्यास मनाई केली. ही दिशा योग्यच होय. तथापि मूल घरी राहावे, तर आधी घराला आधार द्यावा लागतो. संक्रमणाच्या अंदाजपत्रकात ती तरतूद पहिल्याच वर्षी हवी. पंधरा वर्षांनी नव्हे. तोवर एक बालपण संपून गेलेले असते.