बाबांची दप्तरं आणि माझं ऑफिस

‘वर्क फ्रॉम होम’ म्हटलं की ते गुळगुळीत फोटो आठवतात ना? पांढरंशुभ्र टेबल, त्यावर एकुलता एक लॅपटॉप, कॉफीचा मग आणि कोपऱ्यात मनी प्लांट. चार्जरची वायर औषधालाही नाही! त्या घरात आई-वडील राहतच नसावेत, असा माझा दाट संशय आहे. कारण आपल्याकडे रिकामी खोली ही चीजच अस्तित्वात नसते. खोली मोकळी झाली रे झाली की आधी गव्हाची कोठी येते, मग पाहुण्यांच्या गाद्या, मग बंद पडलेला मिक्सर. आणि मग त्याच खोलीत एक दिवस तुम्ही लॅपटॉप घेऊन बसता.

माझं तसंच झालं. २५ मार्च २०२०ला लॉकडाऊन लागला, त्याच्या चारच दिवस आधी मी एक सॅक घेऊन पुण्याहून खामगावला आले. दोन आठवड्यांसाठी! नंतर मात्र इथेच राहायचं ठरवलं, कारण भाऊ बंगळुरूला, आई-बाबा सत्तरीपुढचे. बुलढाणा जिल्ह्यात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते म्हटलं की पुण्यातल्या मैत्रिणींना फार अप्रूप वाटतं. त्यांना मी सांगते, बायांनो, यात नवीन काही नाही. १८७०मध्ये जलंबहून खामगावला रेल्वे आली, तार आली आणि इथले कापसाचे व्यापारी लिव्हरपूलच्या बाजाराकडे डोळे लावून सौदे करू लागले. रिमोट वर्किंगचा फंडा आमच्या गावाला दीडशे वर्षांचा आहे!

तर मागची खोली. दहा बाय अकरा. एक खिडकी, तिच्यात कूलर. एका भिंतीला कोठी आणि गाद्या, दुसऱ्या भिंतीला जमिनीपासून छातीपर्यंत रचलेली बाबांची कापडी दप्तरं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. पगाराच्या स्लिपा, भविष्य निर्वाह निधीचे हिशेब, सातबारे, लाइटची बिलं, सगळं कापडात बांधून ठेवलेलं. मधल्या फटीत माझं टेबल. कॉलवर कॅमेरा सुरू केला की माझ्या डोक्यामागे गाद्यांचा डोंगर. मॅनेजर एकदा म्हणालाही, ‘गोडाउनमध्ये बसली आहेस का?’

तीन वर्षं हे हसण्यावारी गेलं. २०२३मध्ये कंपनीने आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या, असं फर्मान काढलं. मला सूट मिळाली, पण सहा महिन्यांची आणि अटी घालून. दार लावता येईल अशी स्वतंत्र खोली हवी, इंटरनेट खात्रीचं हवं, मग बघू. नाही जमलं तर पुणे. त्याच पावसाळ्यात बाबा माझ्या एक्स्टेन्शन बोर्डच्या वायरला अडखळून पडले. मनगट मुरगळलं, एवढ्यावरच निभावलं. बाबांना काचबिंदू आहे. यात बहुतेक वेळा समोरचं बराच काळ नीट दिसत राहतं, कडेचं आधी जायला लागतं. पायाशी आडवी पडलेली वायर, दाराशी ठेवलेली बादली दिसतच नाही. म्हणजे पसारा आता नुसता दिसायला वाईट नव्हता.

मग काय, मीही सगळ्यांसारखी मारी कोंडोला शरण गेले. जानेवारी २०१९मध्ये तिचा शो नेटफ्लिक्सवर आला आणि ‘वस्तू हातात घ्या, आनंद होतोय का बघा, नाही तर निरोप द्या’ हा मंत्र जगभर गेला. (तीन मुलं झाल्यावर आपण आवराआवरीचा नाद जवळपास सोडला, असं तिने २०२३मध्ये मोकळेपणाने सांगितलं. मला ती तेव्हा जास्त आवडली.) पण १९९१चं लाइट बिल हातात घेऊन आनंद होतो का, हा प्रश्न आमच्याकडे बाबांना विचारायचा!

मी पहिलं दप्तर उचललं तसा मागून आवाज आला, “काहून काढून रायली ते? ठेव जागेवर.” माझं तेच उत्तर, बाबा, अर्धी रद्दी आहे. ते वाद घालायला थांबले नाहीत. भिंतीपाशी आले, हाताने थर मोजले, डावीकडून चौथ्या दप्तराची गाठ चाचपली आणि सोडली. आत शेताचं खरेदीखत. दुसऱ्या गाठीत पेन्शनचा आदेश. कपाळाला आठी नाही, चष्मा नाही. मला जी रद्दीची भिंत वाटत होती, ती त्यांना हाताने वाचता येत होती. ती मी ‘स्टायलिश’ बॉक्समध्ये लावून दिली असती, तर पुढे प्रत्येक कागदासाठी त्यांना मला हाक मारावी लागली असती. इंटिरियरच्या कुठल्याच टिप्समध्ये हे लिहिलेलं नसतं.

तेव्हा प्लॅन बदलला. जमीन माझ्या ताब्यात, भिंत बाबांच्या. सुताराकडून त्या भिंतीला कमरेपासून खांद्यापर्यंत फळ्या मारून घेतल्या आणि दप्तरं त्याच क्रमाने, त्याच कापडात, त्याच गाठींसह वर चढवली. खाली काहीही नाही. फळ्यांच्या काठाला काळ्या पट्टीवर पांढरी मोठी अक्षरं, कारण नजर कमी झाली की रंगातला ठळक फरकच उपयोगी पडतो. शेत, शाळा, बँक, दवाखाना. बस.

बाहेर काय गेलं? बाबांनी शेजारी बसून स्वतः सांगितलं ते. फोनची बिलं, मेलेल्या उपकरणांची वॉरंटी कार्डं, आणि कॉम्प्युटरवरच्या जुन्या अर्जांचे प्रिंटआउट. (ते अर्ज जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले, आता फाइल उघडली तर अक्षरांची नुसती खिचडी.) आता डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळतो, म्हणून अलीकडचे उतारे काढले. हस्तलिखित जुने ठेवले. आणि मंडळी, मूळ खरेदीखत स्कॅन केलं म्हणून रद्दीत टाकण्याचा स्मार्टपणा चुकूनही करू नका. स्कॅन सोयीसाठी, अस्सल ते अस्सल. सगळ्यात अवघड निघाल्या त्या लग्नपत्रिका. गणपती छापलेली पत्रिका आई टाकू देईना! शेवटी दोन पिशव्या भरून शेजारच्या शाळेत हस्तकलेला गेल्या.

गाद्या दिवाणाच्या पोटात आणि कोठी स्वयंपाकघरात गेली. त्यावर आईशी झालेल्या चर्चेबद्दल न लिहिलेलंच बरं.

आता कूलर. बुलढाणा शहर घाटावर, तिथे हवा बरी. आम्ही घाटाखालचे, मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर, कूलरशिवाय लॅपटॉप आणि माणूस दोन्ही बंद पडतात. पण एकुलती एक खिडकी त्यानेच खाल्लेली. सुताराने खिडकीचे दोन भाग केले, खाली कूलरचं तोंड, वर काच. उजेड आला! टेबल असं लावलं की खिडकी डाव्या हाताला येईल. समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर कॉलवर तुमच्या चेहऱ्याची काळी सावली दिसते. दप्तरं कूलरच्या झोताच्या बाहेर ठेवली. दमट हवा आणि कागद यांचं जमत नाही. वाळवीवर लक्ष ठेवायची ड्यूटी बाबांनी स्वतःकडे घेतली आहे.

टेबल बाबांचंच जुनं, सागवानी, तीस इंच उंच. माझी उंची पाच फूट दोन इंच. म्हणजे टाइप करताना खांदे कानाला! तीन वर्षं मान का दुखत होती ते तेव्हा कळलं. टेबलाचे पाय कापायची परवानगी अर्थातच मिळाली नाही. मग खुर्ची उंच केली, कोपर काटकोनात आणलं, आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली देवघरातला जास्तीचा पाट. लॅपटॉप दोन जाड शब्दकोशांवर, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, कीबोर्ड वेगळा. लॅपटॉपवर थेट आठ-आठ तास टाइप करणाऱ्यांनी एवढं तरी कराच.

वायरी भिंतीच्या कडेने पट्टीत बंद केल्या, जमिनीवर एकही नाही. राउटरला छोटा यूपीएस लावला, लाइट गेली तरी कॉल चालू राहतो. रंग? क्रीम. पुढे चला. सुतारासकट सगळा खर्च साडेअकरा हजार, त्यातली निम्मी खुर्ची.

कंपनीने सहा महिन्यांनी वर्षभराची मुदतवाढ दिली. त्यापुढचं त्यांनाच माहीत. दुपारी चार ते साडेचार खोली बाबांची असते, तेव्हा मी मीटिंग ठेवत नाही. कॉलवर कुणी विचारलंच, की मागे ती गाठोडी कसली, तर ‘अर्काइव्ह’ म्हणते.

एक काम राहिलंय. कॉम्प्युटरचा तो जुना पोटाड मॉनिटर. भंगारवाला न्यायला तयार आहे, पण तो फोडून तांबं काढणार, आणि त्या काचेत शिसं असतं. रीतसर घेऊन जाणारं कुणी मिळेपर्यंत मॉनिटर जिन्याखाली आहे. त्यावर आईने लोणच्याची बरणी ठेवली आहे.